पॅलिओ आहार आणि महिन्याच्या किराण्याचा हिशेब

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पॅलिओ आहाराविषयी आहेत, आणि त्यांतील तक्रार जवळजवळ एकच आहे : आहार मानवतो, पण त्याचा खर्च मानवत नाही. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर शेतीचा शोध लागण्यापूर्वी माणूस जे खात असे त्याच्या जवळपास जाणारे अन्न खावे, अशी ही कल्पना आहे. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी १९८५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिलेल्या लेखामुळे तिच्याकडे वैद्यकीय क्षेत्राचे लक्ष गेले. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कंद, सुकामेवा आणि बिया या आहारात चालतात. धान्ये, डाळी-कडधान्ये, दूध व दुधाचे पदार्थ, साखर आणि कारखान्यात प्रक्रिया केलेले अन्न चालत नाही.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी तीन महिन्यांपासून पॅलिओ आहार घेत आहोत. सकाळी अंडी आणि बदामाच्या पिठाचे पॅनकेक, दुपारी व रात्री कोंबडीच्या छातीचे बोनलेस तुकडे आणि सॅलड, मधल्या वेळेला मूठभर बदाम-अक्रोड, असा आमचा दिनक्रम आहे. किराण्याचा खर्च मात्र जवळजवळ दुप्पट झाला आहे. मांस कमी केले तर प्रथिने कमी पडतील, अशी भीती वाटते. हात नेमका कुठे आखडता घ्यावा?

उत्तर : आपण प्रथिनांची चिंता करीत आहात, पण आपला खर्च प्रथिनांमुळे वाढलेला नाही, तो उष्मांकांमुळे वाढला आहे. हा फरक लक्षात आला की बाकीचा हिशेब आपोआप सुटतो, म्हणून तो जरा सविस्तर मांडतो.

एखादी व्यक्ती दिवसाला ३०० ग्रॅम कोरडे धान्य खात होती असे धरू. त्यातून तिला सुमारे १,०५० उष्मांक, म्हणजे दिवसभराच्या गरजेच्या निम्मे, मिळत होते. धान्य हा बहुतेक बाजारांत उष्मांकांचा सर्वांत स्वस्त स्रोत असतो. पॅलिओ सुरू केल्यावर आपण तो स्रोत बंद केला. पण शरीराची भूक काही बंद झाली नाही, आणि ती तूट भरून काढण्यासाठी आपण जे हाताशी घेतले ते बाजारातील सर्वांत महाग पदार्थ होते. शिजवलेल्या कोंबडीच्या छातीतून १,०५० उष्मांक मिळवायचे तर साधारण ६४० ग्रॅम मांस लागते. बदामातून मिळवायचे तर सुमारे १८० ग्रॅम बदाम लागतात. याउलट ७०० ग्रॅम रताळी व बटाटे, दोन केळी आणि दोन मोठे चमचे तेल यांतून जवळपास तेवढेच उष्मांक मिळतात. या तीन पर्यायांची किंमत आपण ज्या बाजारातून सामान आणता तेथील भावाने मांडून पाहा. भाव कोणतेही असोत, तिसरा पर्याय पहिल्या दोन्हींपेक्षा कितीतरी खाली येतो, असेच आपल्याला आढळेल.

आता प्रथिने. जागतिक आरोग्य संघटनेसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००७ साली प्रौढांसाठी दिलेले प्रमाण दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम इतके आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम शिजवलेल्या मांसातून २५ ग्रॅम मिळतात, आणि उरलेले १२-१३ ग्रॅम कंद, भाज्या व बिया यांच्यातून नकळत येतात. उतारवयात किंवा अंगमेहनतीच्या कामात यापेक्षा थोडी अधिक प्रथिने घेणे हिताचे असते, हे खरे. परंतु त्यासाठी आणखी दोन अंडी पुरतात, दिवसातून दोन वेळा ताटभर मांस लागत नाही. गरजेपेक्षा जास्त खाल्लेली प्रथिने शरीर साठवून ठेवत नाही, ती इंधन म्हणून जाळते. चंदनाची लाकडे चुलीत घालण्यासारखाच हा प्रकार आहे.

तेव्हा पहिला बदल असा करावा की ताटातील मांस निम्म्यावर आणावे आणि त्याच्या जागी उकडलेले किंवा भाजलेले कंद पोटभर घ्यावेत. बटाट्याविषयी पॅलिओ मंडळींत मतभेद आहेत; काही जण तो वर्ज्य मानतात. तो कंद आहे, जमिनीतून निघतो आणि साध्या विस्तवावर शिजतो, तेव्हा खर्चाची ओढाताण असताना त्याला बाहेर ठेवण्याचे सबळ कारण मला दिसत नाही.

दुसरा बदल बदामाच्या पिठाबाबत. अडीचशे ग्रॅम पिठाच्या एका केकमध्ये जवळजवळ दोनशे बदाम असतात. समोर वाटीत ठेवले तर कोणीही एका बैठकीत पन्नास बदाम खाणार नाही, पण केकचा चौथा भाग आपण सहज खातो. धान्याच्या पदार्थांची हुबेहूब नक्कल करण्याचा हा हट्ट सोडला तर खर्चाचा मोठा भाग तिथेच कमी होतो. पॅलिओ असे छापून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद वड्या आणि पावडरींचेही तेच. कारखान्यातील अन्न टाळण्यासाठी निघालेल्या माणसाने कारखान्यात बनलेली वडी विकत घ्यावी, यातील गंमत निराळीच. मधल्या वेळेला काही हवेच असेल तर सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया किंवा तीळ घ्यावेत. सुकामेव्याच्या मानाने त्या बहुधा स्वस्त पडतात, आणि सूर्यफुलाच्या बियांत ई जीवनसत्त्व बदामाहून कमी नसते.

तिसरा बदल खरेदीच्या पद्धतीत. भाव किलोमागे न पाहता २५ ग्रॅम प्रथिनांमागे पाहावा. चार अंडी; शिजवलेली बोनलेस कोंबडी १०० ग्रॅम; पाणी किंवा तेल निथळलेले डबाबंद सार्डिन मासे १०० ग्रॅम; शिजवलेली कलेजी १०० ग्रॅम : यांतील प्रत्येकातून साधारण २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्या आठवड्यात यांपैकी जे स्वस्त असेल ते घ्यावे. कच्च्या मालात मोजताना हाडे आणि शिजताना जाणारे पाणी विसरू नये. अख्खी कोंबडी घेतली तर तिच्या वजनाच्या सुमारे ४० टक्केच शिजवलेले मांस हाती लागते, म्हणजे दीड किलोच्या कोंबडीतून साधारण ६०० ग्रॅम. तरीही बोनलेस छातीपेक्षा अख्खी कोंबडी किंवा मांड्या बहुतेक वेळा परवडतात, कारण सोलण्या-कापण्याची मजुरी आपण वाचवतो आणि हाडे आपल्याकडे राहतात.

प्रश्न : मी शिक्षणासाठी एकटा राहतो. माझ्याकडे एक शेगडी, एक पातेले, एक तवा आणि लहानसा फ्रिज आहे, फ्रीझर नाही. रोज स्वयंपाकाला वेळ मिळत नाही. आठवड्याची खरेदी कशी करावी?

उत्तर : आपल्या अडचणीत एक सोय दडलेली आहे : फ्रीझर नसल्यामुळे घाऊक मांस घेऊन ते विसरून जाण्याचा धोका आपल्याला नाही. माझा अनुभव असा आहे, की एकट्या माणसाचा अन्नावरील खर्च महाग वस्तूंपेक्षा फेकून दिलेल्या वस्तूंमुळे अधिक वाढतो. सॅलडची कोवळी पाने, पिकलेल्या बेरी, कापून ठेवलेल्या भाज्या या तीन दिवसांत माना टाकतात. त्याऐवजी टिकणाऱ्या भाज्यांवर भर द्यावा.

एका व्यक्तीच्या एका आठवड्यासाठी ही खरेदी पुरावी : दीड डझन अंडी, दीड किलोची एक कोंबडी, डबाबंद सार्डिनचे तीन लहान डबे, रताळी तीन किलो, बटाटे दोन किलो, एक मोठा कोबी, गाजरे व कांदे प्रत्येकी एक किलो, पालेभाजीच्या दोन जुड्या, चौदा केळी, दोनशे ग्रॅम बिया आणि पाव लिटर तेल. यात लिंबू, लसूण, मिरी यांची चव आपण घालालच. कोंबडी मात्र एकदम आणू नये. शिजवलेले मांस फ्रिजमध्ये तीन ते चार दिवसच चांगले राहते, म्हणून अर्धी कोंबडी आठवड्याच्या सुरुवातीला आणि अर्धी मध्यावर घ्यावी. पालेभाजी पहिल्या दोन-तीन दिवसांत संपवावी, त्यानंतर कोबी, आणि गाजरे शेवटी. जे लवकर सुकते ते आधी खायचे, एवढा एक नियम पाळला तरी आठवड्याच्या अखेरीस फ्रिजच्या तळाशी काळपट झालेली जुडी सापडणार नाही.

आठवड्यातून दोनदा पातेलेभर कंद सालासकट उकडून ठेवावेत. गार झालेले कंद फ्रिजमध्ये चार दिवस राहतात, तव्यावर तेलात परतले की पाच मिनिटांत जेवण होते, आणि गार होताना त्यांतील काही स्टार्च न पचणाऱ्या प्रकारात बदलतो, जो आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य असतो. कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत, ती आतून कडक होतात. बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी आणि कांद्यापासून दूर ठेवावेत. हिरवे पडलेले बटाटे कडू लागतात आणि त्यांत सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते, त्यामुळे ते टाकून द्यावेत, काटकसर म्हणून खाऊ नयेत.

प्रश्न : कलेजी स्वस्त आणि पौष्टिक असते असे सगळीकडे वाचते, परंतु तिचा वास मला सहन होत नाही. शिवाय हाडे उकळून केलेले सूप रोज प्यायल्यास दुधाची गरज उरत नाही, हे खरे आहे का?

उत्तर : कलेजीविषयी वाचलेले खरे आहे, सुपाविषयी वाचलेले खरे नाही.

जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्या दृष्टीने कलेजीइतका स्वस्त पदार्थ या आहारात दुसरा नाही. शंभर ग्रॅम शिजवलेल्या कोंबडीच्या कलेजीत दहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असते, आणि तेही शरीराला सहज शोषून घेता येईल अशा स्वरूपात. बी-१२ जीवनसत्त्वाची कित्येक दिवसांची गरज एका जेवणात भागते. परंतु हीच तिची मर्यादाही आहे. तयार स्वरूपातील अ जीवनसत्त्वाची प्रौढांसाठी सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम मानली जाते, आणि मोठ्या जनावराच्या शंभर ग्रॅम शिजवलेल्या कलेजीत त्याच्या सुमारे तिप्पट अ जीवनसत्त्व असू शकते. म्हणून स्वस्त आहे या कारणाने ती रोज खाऊ नये. आठवड्यातून एकदा, शंभर ग्रॅमपर्यंत, हे प्रमाण पुष्कळ झाले. गर्भवती स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार असलेल्यांनी ती टाळावी, कारण अतिरिक्त अ जीवनसत्त्व गर्भाला अपायकारक ठरते. ज्यांचे यूरिक अॅसिड वाढलेले आहे त्यांनीही तिच्या वाटेला जाऊ नये.

वासाचे म्हणाल, तर कलेजी अर्धा तास लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात ठेवून, ते पाणी फेकून, कोरडी करून घेतल्यास उग्रपणा बराच कमी होतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे ती बारीक करून खिम्यात मिसळणे. चार भाग खिम्याला एक भाग कलेजी घेतली आणि कांदा-लसूण सढळ हाताने घातला, तर खाणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. आतून गुलाबी राहिलेली कोंबडीची कलेजी मऊ लागते म्हणून तशीच खाण्याची पद्धत आहे, ती मात्र पाळू नये. तिच्यात जंतू असण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे ती आतपर्यंत शिजलीच पाहिजे.

आता सूप. हाडांत कॅल्शियम भरपूर असते, पण उकळल्याने ते पाण्यात फारसे उतरत नाही. व्हिनेगर घालून तासन्‌तास उकळले तरी एका पेल्यात येणारे कॅल्शियम दुधाच्या पेल्याच्या जवळपासही पोहोचत नाही. सुपात उतरते ते जिलेटिन, मीठ आणि चव. त्या चवीची किंमत मी कमी लेखत नाही, कारण साध्या कोबी-गाजरालाही ती जेवणाचे रूप देते. हाडे, कांद्याची टोके, गाजराचे शेंडे साठवून आठवड्यातून एकदा सूप करावे, लहान भांड्यांत ओतून लवकर गार करावे, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. वर गोठलेला चरबीचा थर फेकू नये, तो भाज्या परतायला उपयोगी पडतो. मात्र घरातील सगळा स्वयंपाक त्याच चरबीत करण्याइतकाही तो निर्दोष नाही.

प्रश्न : मांस सेंद्रिय किंवा कुरणात चरलेल्या जनावराचेच हवे का? साधे घेतले तर आहाराचा उपयोग होत नाही, असे मला सांगण्यात आले.

उत्तर : नाही. कुरणात चरलेल्या जनावराच्या मांसात ओमेगा-३ स्निग्धाम्ले साध्या मांसापेक्षा अधिक असतात, पण मुळात दोन्हींत ती इतकी थोडी असतात की सार्डिनचा एक डबा त्या फरकावर सहज मात करतो. जनावरे कशी पाळली जावीत याविषयी आपले काही मत असेल आणि त्यासाठी जास्त पैसे देण्याची ऐपत असेल, तर जरूर द्यावेत. आरोग्यासाठी कर्ज काढून देऊ नयेत.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. सहा महिन्यांपासून दूध, दही आणि वरून घेतलेले मीठ बंद केले आहे. कॅल्शियमसाठी रोज पालक खाते. मीठ हवेच असेल तर खडे मीठ वापरते. गोळ्यांवर खर्च न करता हे पुरेसे होईल का?

उत्तर : आपल्या पत्रातील दोन गोष्टी मला काळजीच्या वाटतात, आणि सुदैवाने दोन्हींवरचा उपाय स्वस्त आहे.

पालकात कॅल्शियम असते, पण त्यातील ऑक्झलेट ते बांधून ठेवते, त्यामुळे केवळ ५ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम शरीराला मिळते. दुधातील सुमारे ३० टक्के मिळते. कोबीच्या कुळातील केल किंवा बोक चॉय यांसारख्या पानांत ऑक्झलेट फार कमी असल्याने त्यांतील कॅल्शियम दुधाइतके किंवा त्याहूनही चांगले शोषले जाते. पालक सोडू नका, त्याचे इतर गुण आहेत, पण कॅल्शियमच्या खात्यात त्याला धरू नका. मऊ हाडांसकट खाल्लेल्या शंभर ग्रॅम डबाबंद सार्डिनमध्ये सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि थोडे ड जीवनसत्त्वही मिळते. तरीही प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची १,००० मिलिग्रॅमची मात्रा दुधाशिवाय आणि कमी खर्चात रोज गाठणे जवळजवळ अशक्य आहे. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पॅलिओ आहार परवडेल का, हे गणिताने तपासले होते. पोषणाच्या सर्व शिफारशी पूर्ण करणारी पॅलिओ यादी बसवण्यासाठी उत्पन्नात ९.३ टक्के वाढ लागेल, असे उत्तर आले, आणि त्या यादीतही कॅल्शियमची शिफारस वगळावी लागली होती. गणिताला जे जमले नाही ते आपल्या स्वयंपाकघराने जमवावे, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर हाडांची झीज वेगाने होते. दूध पचत असेल तर साधे दही रोज वाटीभर पुन्हा सुरू करावे, असे मी आपल्याला स्पष्टपणे सुचवेन; ते नकोच असेल तर डॉक्टरांना विचारून पूरक गोळी घ्यावी.

दुसरी गोष्ट आयोडीनची. दूध आणि आयोडीनयुक्त मीठ ही आयोडीनची दोन नेहमीची साधने आपण एकाच वेळी बंद केली. स्वीडनमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या लठ्ठ स्त्रियांवर दोन वर्षे चाललेल्या चाचणीत पॅलिओ गटातील स्त्रियांमध्ये आयोडीनची कमतरता आढळली, हे २०१८ साली प्रसिद्ध झाले आहे. खडे मीठ किंवा समुद्री मीठ दिसायला कितीही अस्सल वाटले तरी त्यात पुरेसे आयोडीन नसते. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत, परंतु आयोडीनयुक्त मीठच वापरावे. आपल्या सगळ्या यादीत याहून स्वस्त वस्तू नसेल.

प्रश्न : मी मांस आणि मासे खात नाही, अंडी खाते. पॅलिओमुळे पोट हलके राहते, पण डाळी-कडधान्ये बंद केल्यापासून सारखी भूक लागते आणि खर्चही वाढला आहे. कडधान्ये खाल्ली तर सगळे व्यर्थ जाईल का?

उत्तर : व्यर्थ जाणार नाही, आपल्या बाबतीत तर ती खायलाच हवीत.

मांस, मासे, दूध आणि कडधान्ये ही चारही एकदम वजा केली की प्रथिनांसाठी अंडी आणि सुकामेवा एवढेच उरते. रोज सहा-सात अंडी कंटाळवाणी होतात आणि सुकामेव्यातून प्रथिने घेणे ही निव्वळ चैन आहे. शंभर ग्रॅम कोरड्या कडधान्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिने, भरपूर तंतुमय पदार्थ आणि साडेतीनशेच्या आसपास उष्मांक असतात. आपल्याला लागणाऱ्या भुकेचे कारण आणि तिचे उत्तर, दोन्ही इथेच आहेत.

कडधान्यांविरुद्ध दिले जाणारे कारण म्हणजे त्यांतील लेक्टिन नावाचे प्रथिन आणि खनिजांचे शोषण अडवणारे फायटेट. लेक्टिन खरोखर त्रासदायक असते. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. पण रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून शिजवल्यावर ते निष्क्रिय होते. मंद आचेवर चालणाऱ्या भांड्यात मात्र राजमा थेट शिजायला टाकू नये, त्याआधी तो किमान दहा मिनिटे चांगला उकळून घ्यावा. भिजवण्याने आणि मोड आणण्याने फायटेटही कमी होते, आणि फायटेट तर पॅलिओत निर्धास्त चालणाऱ्या बदामातही पुष्कळ असते, याची आठवण कोणी करून देत नाही.

राहिला अश्मयुगीन माणसाचा दाखला. इस्रायलमधील गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी सातू आणि गव्हाचे दाणे व ते दळण्याचा दगड सापडला आहे. इराकमधील शानिदार गुहेत निअँडरथल या आदिमानवांच्या दातांवरच्या किटणात गवताच्या बियांचा शिजवलेला स्टार्च आढळला, आणि त्याच गुहेतील जळालेल्या अन्नाच्या अवशेषांवरून कडधान्ये भिजवून-कुटून खाल्ली जात होती, असे २०२२ साली दाखवण्यात आले. त्यांतील जुने अवशेष सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. शेती नव्हती याचा अर्थ दाणा माहीत नव्हता असा नाही. या आहाराचा जो फायदा आपल्याला जाणवतो तो मुख्यतः साखर, मैदा आणि पाकीटबंद खाणे सुटल्यामुळे आणि भाज्या वाढल्यामुळे आहे, असे माझे मत आहे, आणि तो फायदा वाटीभर कडधान्याने पुसला जात नाही. ज्या वाचकांनी अंडीही वर्ज्य केली आहेत, त्यांनी हा आहार करू नये. त्यांच्यासाठी तो महागही आहे आणि बी-१२च्या दृष्टीने अपुराही.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, गोळ्या आणि इन्सुलिन चालू आहे. पॅलिओने औषधे सुटतात असे ऐकले. थोडक्या खर्चात त्यांना हा आहार कसा सुरू करून द्यावा?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करून देऊ नये. ताटातून धान्य अचानक गेले आणि इन्सुलिनची मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. काही गोळ्यांबाबतही हे घडते. मात्रा आधी ठरवून घ्यावी लागते. त्यांचे मूत्रपिंड कसे आहे तेही तपासून घ्यावे, कारण त्यात दोष असल्यास मांसाचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेत असतील, तर पालेभाज्या एकदम वाढवणेही चालत नाही, कारण त्यांतील के जीवनसत्त्व त्या औषधाविरुद्ध काम करते.

औषधे सुटण्याच्या आशेबद्दल म्हणाल, तर वर उल्लेख केलेल्या स्वीडनमधील चाचणीत ७० स्त्रिया होत्या. पहिल्या सहा महिन्यांत पॅलिओ गटाचे वजन दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरले, पण दोन वर्षांअखेर दोन गटांतील वजनाचा फरक ठळक राहिला नाही. दुसरा गट साधा, समतोल आहार घेत होता. वडिलांसाठी तोच अधिक स्वस्त पडेल.

प्रश्न : घरात मी एकटीच पॅलिओ करते, पती आणि दोन लहान मुले नेहमीचे जेवतात. दोन स्वयंपाक परवडत नाहीत आणि जमतही नाहीत.

उत्तर : दोन स्वयंपाक करू नका. भाजी, अंडी किंवा मांस आणि एक कंद हे सर्वांसाठी एकच शिजवावे. इतरांच्या ताटात त्याच्या जोडीला धान्य वाढावे आणि आपल्या ताटात कंद जास्त वाढावा. फरक फक्त वाढण्यात राहतो, शिजवण्यात राहत नाही. मांसाचे तुकडे मोजून वाढण्यापेक्षा ते बारीक करून भाजीत घालावे, म्हणजे चौघांत तीनशे ग्रॅम मांसही पुरते आणि कोणाला कमी मिळाले असे वाटत नाही.

मुलांचे दूध, धान्य आणि कडधान्ये मात्र आपल्या आहाराच्या ओघात बंद करू नयेत. वाढत्या वयात त्यांना उष्मांक आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर लागतात, आणि लहान पोटात पाव किलो रताळे बसत नाही. मुलांनी ताटात टाकलेला धान्याचा घास वाया जाऊ नये म्हणून तो आपण खाल्ला, तर पॅलिओ मोडला असे समजून दुसऱ्या दिवशी उपाशी राहण्याचेही कारण नाही. आपण पत्राच्या शेवटी शेंगदाण्यांविषयी विचारले आहे : नियमाने पाहिले तर ते कडधान्यांच्या कुळातील असल्यामुळे पॅलिओत बसत नाहीत. पण घरातील डबा भरलेला असेल तर आधी तो संपवा, आणि पुढच्या महिन्यापासून हव्या तर सूर्यफुलाच्या बिया आणा.